ड वर्गातल्या एकतीस फायली

भिकाजी रेवाळ्यांची जन्मतारीख एक जून एकोणीसशे तीस. ती त्यांच्या आईला ठाऊक होती अशातला भाग नाही. खंडाळ्याच्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी पोराकडे एकवार बघितलं, सहा वर्षांचा दिसतो म्हणाले आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून जून लिहून मोकळे झाले. त्या अंदाजाच्या जोरावर भिकाजी अठ्ठ्याऐंशी सालच्या जूनमध्ये अठ्ठावन्न पुरे करून, संघाच्या नियमानं महिनाअखेर, तीस जूनला निवृत्त होणार होते. मास्तरांनी त्या दिवशी पाच वर्षं म्हटलं असतं तर आणखी एक वर्ष हाती लागलं असतं, असं अलीकडे त्यांच्या मनात फार येई.

रत्नागिरीत माळनाक्याच्या अलीकडे एका दुमजली चिऱ्याच्या इमारतीत कलम-बागायतदारांचा सहकारी संघ होता. पावसाळा तोंडावर आला की सभासदांना आंब्याकाजूची कलमं वाटायची, हे त्याचं मुख्य काम. भिकाजी तिथे चौतीस वर्षं रेकॉर्डकीपर होते. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत लाकडी फडताळं, लाल रुमालात बांधलेले गठ्ठे आणि मध्ये एक टेबल. माणूस नाकासमोर चालणारा. हसला तरी आधी दार लोटून घेणारा.

दप्तराचे चार वर्ग असतात. अ म्हणजे कायम ठेवायचं. ब तीस वर्षं. क पाच वर्षं. ड एक वर्ष, आणि मग जाळायचं. जाळण्याआधी काय जाळलं त्याची यादी नष्ट-नोंदवहीत करायची, खाली रेकॉर्डकीपरची सही, बाजूला सचिवांची सही, मगच काडी लावायची. कागद जळाला तरी त्याची नोंद राहते, ती कधी जळत नाही. ही पद्धत भिकाजींच्या इतकी अंगात भिनली होती की घरातलंही सगळं ते याच हिशोबानं बघत. शेजारच्या हौसाबाईंनी दिलेलं लोणचं क वर्गात. वर्तमानपत्र ड. मुंबईहून मुलाचं, भागोजीचं, पत्र आलं की ब. पत्रात असायचं काय, तर आम्ही खुशाल आहोत, तुम्ही तब्येतीस जपावे. तेवढ्याला तीस वर्षं म्हणजे जरा जास्तच, पण बाप म्हटला की असं व्हायचंच.

भागोजी लालबागला एका खोलीत बायको, दोन मुलं आणि मेव्हण्यासह राही. गणपतीला पाच दिवस यायचा. बाबांनी मुंबईला यावं असं तो कधी म्हणाला नव्हता आणि येऊ नये असंही नाही. भिकाजींनीही विचारलं नाही. सोनूबाई, त्यांची बायको, जाऊन सहा वर्षं झाली होती. मुरुगवाड्यातल्या भाड्याच्या खोलीत ते सकाळी भात टाकत, दुपारी डब्यातून आणि संध्याकाळी पातेल्यातून तोच खात. रविवार त्यांना जड जाई. इतरांना सोमवार जड जातो, यांचं उलटं. रविवारी सकाळी दहापर्यंत कामं संपत आणि मग माणसाचा आवाज ऐकायला दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी जाऊन हौसाबाईंना उगीचच मासळीचा भाव विचारावा लागे. घ्यायची नसली तरी.

आता तीस जूननंतर सगळेच वार रविवार होणार, ही धास्ती त्यांना शिमग्यापासून लागली होती.

संघात कॉम्प्युटर आला तो शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतर. जिल्ह्यात असा अजून फार कुणाकडे नव्हता, त्यामुळे आधी बघायला गर्दी. पहिल्या मजल्यावर त्याला वेगळी खोली दिली, फरशीवर जाजम घातलं, आणि चपला बाहेर काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही असा फतवा निघाला. शिपाई सदूनं दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं. तो चालवायला चिपळूणची विमला शिर्के आली. हुशार, भरभर बोलणारी. दीड वर्षात तिनं चार हजार सभासदांची नावं, गावं, कोणाच्या जागेत किती झाडं, कुणाला गेल्या साली किती कलमं दिली, हे सगळं त्यात भरलं.

भरून झालं तशी सचिव विचारेसाहेबांनी मार्च महिन्यात हुकूम काढला की नावं आता कॉम्प्युटरात आहेत, तर सभासदांच्या जुन्या नोंदवह्या जागा अडवून बसल्यात, त्या ब वर्गातून ड वर्गात टाका. भिकाजींनी एकदा तोंडी आणि एकदा लेखी हरकत घेतली. तिसऱ्यांदा घ्यायची त्यांची प्राज्ञा नव्हती. परसात दोन दिवस वह्या जळत होत्या. सदू काठीनं ढोसत होता आणि भिकाजी यादीवर एकेका वहीपुढे खूण करत होते.

एप्रिलात विमलाचं लग्न ठरलं आणि ती ठाण्याला गेली. जायच्या आधी महिनाभर रोज दुपारी तिनं भिकाजींना शिकवलं. इतर कुणी पुढे आलं नाही. तरुणांना वाटे, एकदा हात लावला की गळ्यात पडेल. भिकाजींना गळ्यात काही पडलेलं हवंच होतं. यंत्र सुरू कसं करायचं, फायलींची यादी कशी काढायची, नाव कसं भरायचं, नको असलेली फाईल कशी पुसायची, छापायचं कसं, हे त्यांनी वहीत उतरवून घेतलं.

"तुमी हळू शिकता, पण इसरत नाय," विमला म्हणाली. तिची ही शाबासकी त्यांनी बरेच दिवस जपली.

मग विचारेसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"रेवाळे, मशीन तुमच्या हाती आहे तोवर मला घोर नाही. पंचवीस जूनला संचालक मंडळाची सभा आहे. तुम्हाला दोन वर्षं ठेवून घ्यायचा विषय मी मांडतो. यंदाचं कलमवाटप तेवढं बिनबोभाट पार पाडा."

भिकाजी बाहेर आले ते जिना उतरायच्या ऐवजी चढायला लागले. दोन वर्षं. दोन वर्षांनी काय होईल ते दोन वर्षांनी बघू. रोज सकाळी साडेदहाला कुठेतरी आपली वाट बघितली जाणार, एवढ्यावर माणूस जगू शकतो. ज्यांच्या घरी चार माणसं आहेत त्यांना हे कळायचं नाही.

आणि त्या यंत्राची एक खोड होती. सुरू केलं की कामाआधी ते विचारायचं, आज तारीख काय. ती सांगितली की विचारायचं, वाजले किती. त्याला स्वतःला काळवेळ ठेवता येत नव्हती, रोज नव्यानं सांगावी लागे. विमला या गोष्टीला वैतागे. भिकाजी मात्र मनगटावरचं घड्याळ नीट बघून, मिनिटाचीही चूक न करता उत्तर देत. सकाळपासून त्यांना कुणी काही विचारलेलं नसे. दिवसातला पहिला प्रश्न त्यांना हे यंत्र विचारी आणि उत्तर मिळेपर्यंत मुकाट थांबे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात राजापूर तालुक्यातल्या यंदाच्या नव्या सभासदांची दोनशे नावं भरायची राहिली होती. पंधरा जूनपासून रोपवाटिकेतून कलमांचे ट्रक सुटायचे होते. आठ तारखेला, बुधवारी, भिकाजी एकशे दहाव्या नावाला आले आणि यंत्रानं कळवलं की जागा संपली. त्यांनी पुन्हा भरून बघितलं. पुन्हा तेच. ते विचारेसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेब फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "अहो मग साफसफाई करा. नको ते काढून टाका. हे मी तुम्हाला सांगायचं? जन्म गेला तुमचा त्यात."

त्यात जन्म गेला होता हेच तर झालं. दुसरा कुणी असता तर हाताला लागेल ते पुसून मोकळा झाला असता आणि कदाचित वाचलाही असता. भिकाजींनी फायलींची यादी कागदावर छापून घेतली, पट्टी आणि लाल पेन्सिल घेतली आणि रीतसर वर्गीकरणाला बसले.

विमलाला एक सवय होती. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ती सगळी सभासद-यादी नव्या नावानं पुन्हा साठवून ठेवी, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. अशा पंधरा याद्या झाल्या होत्या, आणि डिस्कवरची बहुतेक जागा त्यांनीच खाल्ली होती. पण त्या प्रत्येकीत माणसांची नावं होती. ज्यात माणसाचं नाव आहे तो कागद जाळायचा नाही, हा भिकाजींचा स्वतःचा नियम, कुठल्या पुस्तकात नसलेला. मार्चमध्ये तो एकदा मोडावा लागला, तेवढा पुरे होता. पंधराच्या पंधरा याद्यांपुढे त्यांनी लाल पेन्सिलीनं अ लिहिला.

राहिल्या एकतीस फायली. यांच्यावर तारीख होती जुलै शहाऐंशीची, म्हणजे कॉम्प्युटर संघात येण्याच्याही आधीची. आवक क्रमांक नाही. विमलानं शिकवताना कधी नाव काढलं नाही. दीड वर्षात कुणी मागितल्या नाहीत. एकीचं नाव 'ट्री' असं होतं. तिथे भिकाजी थबकले, कारण संघ झाडांचा. कुठल्यातरी बागेची नोंद असेल म्हणून त्यांनी ती उघडून बघितली. पडद्यावर हसरे तोंडवळे, पत्त्यातले बदाम, किलवर, मधेच एखादं अक्षर, आणि यंत्र दोनदा केकाटलं. भिकाजींनी खातरजमेसाठी 'कमांड' नावाची फाईलही उघडली. तिच्यातही तसलाच पत्त्यांचा डाव. कचेरीच्या यंत्रात हा पोरखेळ कुणी भरला असेल, असं मनाशी म्हणत त्यांनी एकतीस जणांपुढे ड लिहिला.

पुढचं सगळं शास्त्राप्रमाणे. नष्ट-नोंदवही काढली. अनुक्रमांक, फायलीचं नाव, तारीख, आकार, वर्ग. एकतीस ओळी, सुवाच्य अक्षरात, एक खाडाखोड नाही. खाली सही. मग वही वर नेली. साहेब अजून फोनवरच होते. त्यांनी मान न वळवता दाखवलेल्या जागी सही ठोकली.

पाच वाजता भिकाजींनी एकेक नाव टाइप करून पुसायला घेतलं. पुसलं की वहीत खूण. एकतीस खुणा झाल्या. ना धूर, ना राख, ना डोळ्याला पाणी. त्यांना ते जरा चुकल्यासारखं वाटलं. यादी पुन्हा काढून बघितली, जागा झाली होती, राजापूरला पुरून उरेल एवढी. वेळ झाली होती म्हणून त्यांनी यंत्र बंद केलं आणि वर कापड घातलं.

सकाळी यंत्रानं तारीख विचारली नाही.

काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली आणि तिथेच थांबली. भिकाजींनी बंद करून पुन्हा सुरू केलं. तीच ओळ. त्यांनी ती कागदावर उतरवून घेतली आणि खाली जाऊन शब्दकोश काढला. एकेका शब्दाचा अर्थ लावला तेव्हा एवढं कळलं की हुकमाचा दुभाष्या बिघडला आहे किंवा जागेवर नाही. त्यांनी नष्ट-नोंदवही उघडली. चौथ्या ओळीवर 'कमांड' होती. कमांडचा अर्थ त्यांना शब्दकोशात बघावा लागला नाही.

विमलानं जाताना सांगितलं होतं की यंत्राला चालवणाऱ्या मूळ फ्लॉप्या बिस्किटाच्या डब्यात आहेत, अडीअडचणीला त्या घालायच्या. डबा कपाटाच्या तळाशी होता. फ्लॉप्यांवर पांढरी बुरशी धरली होती. रत्नागिरीत चामड्याच्या चपलेला, देवाच्या तसबिरीला आणि जपून ठेवलेल्या कुठल्याही वस्तूला जे होतं तेच त्यांना झालं होतं. सदूनं एक सदऱ्याला पुसून दिली. घातल्यावर यंत्र नुसतं घरघरलं.

विचारेसाहेबांनी कोल्हापूरला ट्रंककॉल लावला. ज्यांच्याकडून यंत्र घेतलं त्यांनी माणूस पाठवतो म्हणून सांगितलं, पण आंबा घाटात दरड आली होती, रस्ता मोकळा झाला की सोमवारी निघेल. फोन ठेवून साहेबांनी दार लावून घेतलं. भिकाजींनी नोंदवही पुढे ठेवली आणि जे होतं ते सांगितलं.

साहेबांनी स्वतःची सही बघितली.

"हे आणखी कुणी वाचलंय?"

"नाय."

"मग ऐका. हवा दमट आहे, यंत्र बिघडलं. कोकणात यंत्रं बिघडतातच. हे पान वहीत नकोय. तुम्ही मशीनवाले आहात, तुमच्यावर कोण संशय घेणार? पंचवीस तारखेची सभा होऊ दे. तुमची दोन वर्षं माझ्याकडे लागली."

"पान फाडायचा?"

"मी कशाला सांगू काय करायचं. वही तुमच्या ताब्यात असते."

शनिवारी भिकाजी वही पिशवीत घालून घरी घेऊन गेले. चौतीस वर्षांत दप्तरातली वस्तू घरी नेण्याची ही पहिली खेप. रविवारी दुपारी जेवून, हात धुऊन, पुसून, ते वही मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. पान फाडणं अवघड नव्हतं. शिवण जुनी होती, पात्यानं आतल्या कडेला एक रेघ मारली की सुटून आलं असतं. दाढीचं पातंही होतं. त्यांनी ते कागदाला लावलंसुद्धा.

बाहेर हौसाबाई सुकट भरून ठेवत होत्या. त्यांच्या घरात सून पोरांवर ओरडत होती, कुणीतरी पाट आपटला, कुणी हसलं. भिकाजी ऐकत बसले. माणसाला एकट्यानं राहायला लागलं की शेजारच्या घरातली भांडणंसुद्धा गोड लागतात. मग त्यांनी मनाशी सोमवार ते शनिवार मोजून बघितले, तारीख विचारणाऱ्या यंत्राशिवायचे, सदूच्या चहाशिवायचे. पातं तसंच हातात होतं. खरं सांगायचं तर त्यांनी पान फाडायचं ठरवलं होतं. हात चालत नव्हता एवढंच. संध्याकाळी त्यांनी पातं कागदात गुंडाळून वहीतच ठेवलं, उद्या कचेरीत फाडू म्हणून.

सोमवारी दुपारी कोल्हापूरचा माणूस आला. इंगवले नाव, तिशीचा, घाटात तीन तास अडकून पडलेला आणि तरी हसतमुख. चपला काढून आत गेला, यंत्राचं झाकण उघडलं, फुंकर मारली, स्वतःच्या फ्लॉपीवर ते सुरू करून बघितलं. भिकाजी, विचारेसाहेब आणि सदू भिंतीला टेकून उभे होते.

"कुणी काय पुसलंबिसलं हाय काय ह्यातलं?" इंगवल्यानं विचारलं.

"छे. दमट हवा," विचारेसाहेब म्हणाले.

"दमटपणानं डिस्क गेली आसंल तर मग अवघड हाय, साहेब. कुठं कुठं खराब झालीया कळायचं न्हाई. समदी कोरी करायची आणि नव्यानं घालायची. त्यात तुमचं जे काय भरलंय ते जाणार बघा. तुमच्याकडं कागद आसतीलच की."

कागद नव्हते. कागद मार्च महिन्यात परसात दोन दिवस जळत होते. हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. विचारेसाहेबांचा चेहरा पडला, पण तोंड उघडेना. उघडलं असतं तर आधीचं खोटं बाहेर आलं असतं. इंगवल्यानं पिशवीतून एक फ्लॉपी काढली.

चार हजार नावं. देवळ्याचा धाकू गोताड, ज्याला गेल्या साली कलमं पोचली नव्हती आणि यंदा पहिला नंबर लावून दिला होता. लांज्याच्या त्या विधवा बाई, नाव मथुरा, ज्या दोन काजूंसाठी दोनदा चालत आल्या होत्या. ही माणसं भिकाजींच्या घरी कधी येणार नव्हती. त्यांना भिकाजी कोण हेही ठाऊक नव्हतं. पण चौतीस वर्षं जी काही सोबत म्हणून होती ती याच नावांची.

"थांबा," भिकाजी म्हणाले. "हवेचा दोष नाय. माज्या हातना झाला ता. मी पुसलंय."

ते खाली गेले आणि वही घेऊन आले. पात्याची पुडी काढून खिशात टाकली आणि पान उघडून इंगवल्यापुढे धरलं. इंगवल्यानं वरून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"म्हंजे डिस्क चांगलीच हाय की. काका, हे तुम्ही लिव्हलंसा? नाव, तारीख, साइज सकट?"

"होय. पद्धत हाय तशी."

"आणि ही सही?"

विचारेसाहेबांना खाली कुणीतरी बोलावल्याचं आठवलं आणि ते गेले.

पाऊण तास लागला. इंगवल्यानं यादी मांडीवर घेऊन एकेक फाईल आपल्या फ्लॉपीवरून परत घातली, आणि भिकाजी शेजारी उभं राहून नावं वाचून दाखवत होते. शेवटी यंत्र बंद करून सुरू केलं. पडद्यावर तारखेचा प्रश्न उमटला. इंगवल्यानं खुर्ची मागे ओढून भिकाजींना बसायला जागा दिली. सगळी नावं जागच्या जागी होती. पंधरा वेळा होती. त्यातल्या तेरा प्रती इंगवल्यानं त्यांच्याच हातून पुसवल्या, आणि भिकाजींनी त्याचीही यादी केली.

संध्याकाळी ते त्याला एस्टी स्टँडवर सोडायला गेले. पाऊस होता, छत्री एकच. गाडीत चढताना इंगवले म्हणाला, "काका, सा वर्सं हिंडतोय मी. बँका, कारखाने, समदीकडं. पुसणारे ढीग भेटले. पुसलेलं लिव्हून ठेवणारा तुमी पयला. ही वही नसती तर आज तुमची चार हजार माणसं मी पुसून गेलो असतो."

गाडी गेली. भिकाजी स्टँडवर थोडा वेळ उभे राहिले. चौतीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल कुणी एवढं बोललं नव्हतं. त्यांना ते कुणालातरी सांगायचं होतं, शब्दन् शब्द. मुरुगवाड्यापर्यंत ते मनात घोकत आले, विसरायला नको म्हणून. गडग्यापाशी हौसाबाई दिसल्या.

"हौसाबाय, आज कोल्हापूरचा एक मानूस आलावता कचेरीत. तो म्हनाला..."

"बरा झाला. भाऊ, तुमच्या पागोळीचा पानी आमच्या पडवीत येताय, तेवडा पत्रा सरकवा."

भिकाजींनी पत्रा सरकवला. आत येऊन दिवा लावला, भात गरम केला. सोनूबाई असती तर तिला कॉम्प्युटर म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागली असती, आणि तिनं मधेच उठून आमटी ढवळली असती, पण शेवटपर्यंत ऐकलं असतं. ते त्या रात्री कुणाशी न बोलता जेवले आणि त्यांना रडू आलं. चुकीचं आलं नाही, कौतुकाचं आलं. कौतुक एकट्यानं पचवणं त्यांना जमेना.

कलमवाटप बिनबोभाट पार पडलं. राजापूरची नावं भरली गेली. देवळ्याच्या धाकू गोताडला कलमं पोचली. पंचवीस तारखेला संचालक मंडळ बसलं, त्यात अध्यक्षांच्या कानावर नोंदवहीची गोष्ट कुणीतरी घातलीच होती. भिकाजींना आत बोलावलं. अध्यक्ष म्हणाले, असा प्रामाणिक माणूस आजच्या काळात मिळणं कठीण. संचालकांनी टाळ्या वाजवल्या, विचारेसाहेबांनीही वाजवल्या. मग पुढचा विषय निघाला, सड्यावरच्या रोपवाटिकेच्या कुंपणाचा, आणि भिकाजी बाहेर येऊन बाकावर बसले. संध्याकाळपर्यंत बसले. दोन वर्षांचा विषय निघालाच नाही. साहेबांनी मांडला नाही आणि दुसऱ्या कुणाच्या मनात आलं नाही. ज्याची सही चुकीच्या पानावर आहे तो माणूस रोज समोर नको, हे साहेबांना वाटणं माणसासारखंच होतं. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. मी मात्र देतो.

तीस तारखेला शाल-श्रीफळ झालं, सदूनं भजी आणली. चपला काढून ते एकदा वरच्या खोलीत जाऊन आले. देवरुखहून नेमलेली नवी मुलगी यंत्रापुढे बसली होती. तिला त्यांनी विमलानं शिकवलेलं उतरवून घेतलेली आपली वही दिली. मग खाली येऊन शेवटचं काम केलं. कर्मचारी निवृत्त झाला की त्याचं सेवापुस्तक चालू फडताळातून काढून क वर्गात ठेवायचं आणि वरच्या पट्टीवर नष्ट करायची तारीख घालायची. हे काम रेकॉर्डकीपरचं. भिकाजींनी आपलं सेवापुस्तक काढलं, धूळ झटकली आणि पट्टीवर लिहिलं, तीस जून एकोणीसशे त्र्याण्णव. अक्षर सुवाच्य आलं. रुमाल बांधला आणि किल्ल्या सदूकडे दिल्या.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. भिकाजी नेहमीसारखे उठले, भात टाकला, दाढी केली. डबा भरला आणि मग तो परत पातेल्यात ओतला. हौसाबाईंनी गडग्यावरून हाक मारली.

"भाऊ, जाताना कंदिलाची काच आनशाल काय? कालच्याला फुटली."

"आनतो," भिकाजी म्हणाले. आता आपल्याला जायचं नाही हे त्यांनी सांगितलं नाही. हौसाबाईंनी आणखी काही विचारलं असतं आणि बोलणं लांबलं असतं, पण ते उत्तर त्यांना अजून देता येत नव्हतं.

ते छत्री घेऊन निघाले. गाडीतळावरच्या दुकानात चार काचा बघितल्या, उजेडाला धरून बघितल्या, दुकानदाराशी जाड काच आणि पातळ काच यावर बोलले, पुन्हा पहिली उचलली. परत आले, काच हौसाबाईंच्या हाती दिली. त्यांची सून पाणी भरत होती, पोरं शाळेला गेली होती.

"लवकर आलात?" हौसाबाई म्हणाल्या, आणि आत काहीतरी उतू गेलं म्हणून उत्तर न ऐकता धावल्या.

भिकाजींनी घड्याळ बघितलं. पावणेदहा झाले होते. ते खिडकीशी जाऊन बसले.